धाव कुठपर्यंत? मोठ्या टायरचा हिशेब

मंडळाच्या ई-अंकासाठी काय लिहितेयस, असं मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, "टायरवर." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. साहित्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलीने कवितेवर लिहावं, गेला बाजार एखाद्या कादंबरीवर. पण या मे महिन्यात मी जेवढं मन लावून वाचलं तेवढं परीक्षेसाठीही वाचलं नव्हतं, आणि ते सगळं वाचन टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांचं होतं. ज्यांच्या घरी जीप, थार, बोलेरो असलं काही आहे आणि 'जरा मोठे टायर टाकूया' अशी चर्चा चालू आहे, त्यांना हा लेख उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे सायकलही नाही त्यांनीसुद्धा वाचावा. गणित सातवीच्या पुढचं नाही.

डहीची गाडी

माझी सिस्टरमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मध्य प्रदेशात डही तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. डही धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. दक्षिणेला नर्मदा, पश्चिमेला अलीराजपूर जिल्हा. वसईहून तिकडे जायचं तर आधी अवंतिका एक्सप्रेसने इंदूर, मग बस, धार, कुक्षी, आणि मग डही. धार शहरात पवारांच्या संस्थानामुळे मराठी घरं आहेत, मराठी कानावर पडतं. डहीत मात्र भिल्ल आणि भिलाला लोकांची वस्ती, त्यांची बोली, आणि बाजारात निमाडी नाहीतर हिंदी.

इथलं गाव आपल्यासारखं एका ठिकाणी नसतं. ते फळियांमध्ये विखुरलेलं असतं. एक फळिया या टेकडीवर, दुसरी नाल्यापलीकडे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे ऐन नाताळात सुरू झाली. आता मुख्य गावापर्यंत डांबरी नाहीतर सिमेंटचा रस्ता बहुतेक ठिकाणी पोचलाय. पण फळियापर्यंतचा शेवटचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा मुरूम, दगड, नाला, आणि पावसाळ्यात काळी माती.

दवाखान्याकडे फोर-व्हील ड्राइव्हची एक जुनी बोलेरो आहे. रुग्ण आणायला, औषधं न्यायला, लसीकरणाच्या दिवशी पेट्या पोचवायला तीच. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका रात्री बाळंतीण बाईला घेऊन येताना ही गाडी नाल्याच्या चढावर अडकली. दीड तासाने ट्रॅक्टर आला. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, पण तो दीड तास मावशी विसरलेली नाही. तेव्हापासून ड्रायव्हरकाकांचा धोशा होता: मोठे टायर टाका. "बडा टायर, बडी ताकत." मावशीला खात्री वाटत नव्हती. मी पोचले तशी तिने माझ्या हातात गाडीचं इंग्रजी पुस्तक ठेवलं. "तू लिटरेचरची ना? मग वाच आणि सांग."

आकड्यांची लिपी

टायरची बाजू ही एक वाचायची गोष्ट आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आमच्या गाडीच्या टायरवर होतं: २१५/७५ आर १५, आणि पुढे १०० एस.

२१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ हे टक्के आहेत: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! भाषेच्या पेपरात असं लिहिलं असतं तर सरांनी लाल रेघ मारली असती.

१०० हा भाराचा अंक आहे, किलो नव्हेत. तक्त्यात १०० समोर ८०० किलो आहेत, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त तेवढा भार. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. नव्या टायरचा भाराचा अंक मूळ अंकापेक्षा कमी नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आमच्या गाडीत सात-आठ माणसं आणि वर कोणाचं तरी धान्याचं पोतं, हे नेहमीचंच आहे.

बाजूवर आणखी एक चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. एका दुकानात आम्हाला 'एकदम नया माल' म्हणून जो स्वस्त संच दाखवला तो चार वर्षं गोदामात पडलेला होता. रबर न वापरताही म्हातारं होतं. मावशीने चष्मा वर करून तो आकडा दुकानदाराला वाचून दाखवला, आणि आम्ही बाहेर पडलो.

मोठा म्हणजे नक्की किती मोठा?

काकांच्या मनात होतं २३५/७५ आर १५. रिम तोच, टायर एक पायरी मोठा. आता गणित.

जुना टायर: २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१.२५ मिमी. ही भिंत वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दुप्पट, ३२२.५. त्यात १५ इंचांचा रिम, म्हणजे ३८१ मिमी मिळवा. एकूण उंची ७०३.५ मिमी.

नवा टायर: २३५ चे ७५ टक्के १७६.२५. दुप्पट ३५२.५. अधिक ३८१. एकूण ७३३.५ मिमी.

फरक ३० मिमी. पण गाडी ३० मिमी वर जात नाही, कारण चाकाचा आस मधोमध असतो. गाडीला मिळते फक्त अर्धी उंची, म्हणजे १५ मिमी. दीड सेंटिमीटर! काकांना मी बोटांच्या चिमटीत दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले.

तरी त्या दीड सेंटिमीटरला कमी लेखू नका. गाडीच्या मागच्या आसावर मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. तो जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो आणि दगडाला आधी तोच लागतो. स्प्रिंगा उंच करून बॉडी वर उचलता येते, पण हा गोळा आसाबरोबर खालीच राहतो. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, मोठा टायर. शिवाय मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि धोंड्यावर सहज चढतं. आपल्या बैलगाडीची चाकं उगाच का छातीएवढी उंच असायची? फायदा खरा आहे. पण तो फुकट मिळत नाही.

त्याची किंमत

पैशांची किंमत सोडून देऊ. बाकीची सांगते.

पहिली, ओढ कमी होते. इंजिनाचा पीळ तोच, पण चाकाची त्रिज्या वाढली की जमिनीवर पडणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. आमच्या हिशेबात साधारण ४ टक्के. म्हणजे प्रत्येक गिअर किंचित 'वरचा' झाल्यासारखा. सपाटीवर कळणार नाही, भरल्या गाडीने नाल्याचा चढ चढताना कळेल. ज्या चढासाठी टायर मोठा करायचा, त्याच चढावर गाडी थोडी दुबळी होणार.

दुसरी, उतार. पहिल्या गिअरमध्ये गाडी उतरवताना इंजिन तिला मागे धरून ठेवतं. मोठ्या टायरने ती पकडही तेवढीच सैल होते. ब्रेकचंही तसंच. ब्रेक तेच, पण त्यांना आता मोठं आणि जड चाक थांबवायचंय.

तिसरी, मीटर खोटं बोलायला लागतो. मीटर चाकाचे फेरे मोजतो. फेरा आता ४.३ टक्के लांब झाला. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ६२.६ ने धावत असेल. किलोमीटरही कमी पडतील: वहीत १००० लिहाल तेव्हा प्रत्यक्षात १०४३ झालेले असतील. मावशी डिझेलचा हिशेब पै-पैचा ठेवते. मोठ्या जड टायरने डिझेल थोडं जास्त लागेलच, पण मीटरच्या चुकीमुळे ते वहीत आहे त्याहून जास्त दिसेल.

चौथी, घासणं. टायर २० मिमी रुंद झाला, म्हणजे आतल्या बाजूला साधारण १० मिमी सरकला. रिकामी गाडी, सरळ चाकं, दुकानासमोरची फरशी, तिथे सगळंच बसतं. खरी परीक्षा वेगळी: गाडी भरलेली, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, एक चाक खड्ड्यात. शिवाय काळी माती. ती टायरला थरावर थर चिकटते. टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा मोठ्या टायरने आधीच कमी केलेली, उरलेली चिखल भरून काढतो. शिवाय रिमही तपासायला हवा. २३५/७५ आर १५ साठी तो साधारण ६ इंच किंवा जास्त रुंद लागतो.

पाचवी, पाच टायर. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीत चारही चाकांचा घेर सारखाच हवा. पुढे एक माप आणि मागे दुसरं असेल तर फोर-व्हील टाकल्यावर पुढचा-मागचा आस एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण आतल्या गिअरांच्या दात्यांवर जातं. म्हणून 'आत्ता दोन घेऊ, दोन दिवाळीनंतर' चालत नाही. स्टेपनीही त्याच मापाची.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली मापं कोणती, हे आधी पाहायचं. अपघातानंतर विम्याच्या कागदांशी वाद घालण्यापेक्षा हे सोपं आहे.

नक्षी: एच/टी, ए/टी, एम/टी

माप हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा टायरच्या अंगावरच्या नक्षीचा. ढोबळ तीन जाती आहेत. एच/टी हायवेसाठी: खाचा अरुंद, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. एम/टी चिखलासाठी: मोठे ठोकळे, रुंद खाचा, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जाईल. पण डांबरावर तो घोंघावतो, लवकर झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन, दोघांच्या मधला. मुरूम, खडी, दगडी चढ, थोडा चिखल, आणि बाकीचा वेळ डांबर. बहुतेक ए/टी टायरांची बाजूची भिंतही जास्त दणकट असते, आणि डहीकडचे टोकदार दगड तिथेच चावतात.

'ऑल' या शब्दावर मात्र फार विसंबू नये. पाऊस पडून गेल्यावरच्या काळ्या मातीत ए/टीच्या खाचा दहा-वीस फेऱ्यांत बुजतात, आणि मग तो कसला टायर आहे याने काही फरक पडत नाही.

रुंदीचाही एक गैरसमज आहे. रुंद टायर नेहमी चांगला असं नाही. रेतीत किंवा खोल मऊ मातीत रुंद टायर तरंगतो, तिथे तो बरा. पण वर पातळ चिखल आणि खाली घट्ट मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खालची जमीन पकडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे टायर बघा, ६.००-१६, आजच्या मानाने अगदीच काटकुळे. ती जीप कुठे अडली म्हणून इतिहासात प्रसिद्ध नाही.

पोट टेकलं होतं की चाक फिरलं होतं?

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला एक साधा प्रश्न सुचला. तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी काकांना विचारलं, "त्या रात्री गाडीचं पोट खाली टेकलं होतं, की चाकं जागच्या जागी फिरत होती?"

सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. पोट टेकलं असेल, आस दगडात अडकला असेल, तर कमी पडली ती उंची, आणि मोठा टायर हे औषध. चाकं नुसतीच फिरत असतील तर कमी पडली ती पकड. उंचीने पकड मिळत नाही.

काका म्हणाले, "पोट कुठे टेकतंय? चाकंच फिरत होती. साबणावर फिरावीत तशी."

आम्ही तिघं गाडीखाली डोकावलो. आसावर दगडाचा एकही ताजा ओरखडा नव्हता. मग मागचे टायर पाहिले. टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजत त्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिमी उरली असं समजायचं, आणि नियमाने तो टायर तिथेच संपला. आमचे मागचे दोन्ही टायर जवळजवळ तिथवर आले होते. मग हवा मोजली: ४० पीएसआय. "माणसं जास्त बसतात म्हणून टाइट ठेवतो," काका म्हणाले. बारा महिने, डांबरावर आणि चिखलात, तेवढीच.

टायर जमिनीला टेकतो तो भाग तळहाताएवढाच असतो. हवा खूप भरली की तो आणखी आक्रसतो. मऊ जागेत, अगदी सावकाश चालवायचं असेल तर दाब १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवतात. मग टायर लांबट पसरतो आणि जास्त जमीन धरतो. चिखल संपला की गाडीच्या पुस्तकात सांगितलेला दाब पुन्हा भरायचा. तसं केलं नाही तर डांबरावर तोच टायर तापून फुटू शकतो. टोकदार दगडांत कमी हवेने बाजूची भिंत फाटते, त्यामुळे दगडात हवा उतरवायची नाही. यासाठी लागतं काय? हवा मोजायचं यंत्र आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. दोन्ही मिळून एका टायरहून स्वस्त.

त्या रात्री गाडी अडली ती टायर लहान होते म्हणून नाही. ते गुळगुळीत होते आणि फुग्यासारखे ताठ होते. हे कळल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मी घाईने म्हटलं, "तुमची चूक नाही काका, कोणी सांगितलंच नव्हतं." मावशी म्हणाली, "मलाही कळायला हवं होतं. दवाखान्यातलं ब्लडप्रेशर मी रोज मोजते, गाडीचं कधी मोजलं नाही."

आम्ही काय ठरवलं

त्याच मापाचे, २१५/७५ आर १५, ए/टी नक्षीचे पाच टायर. भाराचा अंक १०० किंवा वर. एक पंप, एक मापक, एक ओढायचा मजबूत पट्टा, एक फावडं. दर सोमवारी सकाळी, गाडी गार असताना हवा मोजायची आणि वहीत लिहायची. खाच ३ मिमी उरली की पावसाळ्याआधी टायर बदलायचे, नियमातल्या १.६ मिमीची वाट पाहायची नाही.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकेल. तुमच्या वाटेवर खरंच धोंडे असतील, आस वारंवार आपटत असेल, आणि कंपनीने तुमच्या मॉडेलला मोठं माप दिलं असेल, तर जरूर एक पायरी वर जा. पण वर्षात एकदा येणाऱ्या वाईट जागेसाठी बाकीचे दिवस मोठ्या टायरची किंमत मोजायची का, हे कागदावर मांडून ठरवा.

धार जिल्ह्यातच, पीथमपूरला, नॅट्रॅक्स नावाचं गाड्या तपासायचं केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. ब्रेकसाठी वेगळा ट्रॅक, चढासाठी वेगळा. एकेक गोष्ट सुटी करून मोजायची, हीच तिथली रीत. डहीत आमच्याकडे मोजपट्टी, वही आणि गाडीखाली डोकावणारी तीन डोकी होती. तरी प्रश्न सुटा केल्यावर उत्तर मिळालं.

शेवटची गोष्ट टायरची नाही. मावशीने काकांबरोबर बसून एक नियम केला: नाल्याचं पाणी ठरलेल्या दगडाच्या वर असेल किंवा काळी माती ओली असेल, तर गाडी अलीकडेच थांबेल आणि रुग्णाला खाटेवरून इथपर्यंत आणलं जाईल. फळियांतल्या लोकांना तसा निरोप आधीच द्यायचा, म्हणजे खाट आणि माणसं तयार राहतील. गेल्या वर्षी गाडी नाल्यात उतरली, कारण ती जाईल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी बसवतात. भट्टीत लालभडक तापवून चढवायची आणि वर पाणी ओतायचं, म्हणजे ती आकसून घट्ट बसते. त्या पट्टीला मराठीत 'धाव' म्हणतात. टायरला आपल्याकडे शब्द होताच. आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असंही आपण म्हणतो, बहुधा कोणाला तरी हिणवायला. डहीहून परतल्यापासून मला त्या सरड्याबद्दल जरा आदर वाटतो. त्याला निदान कुंपण कुठे आहे ते ठाऊक असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मावशीचा मेसेज आला: "पाऊस सुरू. सोमवारची हवा मोजली. काकांनी स्वतः लिहिली."